सातशे बारा पुस्तकांची यादी

भूगोलाच्या बाईंचा आवाज काही एका दिवसात गेला नाही. आधी तो घोगरा झाला, मग दुपारनंतर बसायला लागला, आणि एका सोमवारी तिसऱ्या तासाला ज्वालामुखी शिकवता शिकवता मधेच बंद पडला. मुलांना वाटलं, बाई गंमत करतायत. मी ऑफिसात बसून म्हणालो, आज एवढी शांतता कशी काय! मी या शाळेचा हेडक्लार्क. सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. बाईंचा वर्ग माझ्या ऑफिसला अगदी लागून, त्यामुळे पंधरा वर्षं मी बसल्या जागी फुकटात भूगोल शिकलो. जगातली सगळी वाळवंटं मला पाठ आहेत आणि त्यांचा माझ्या नोकरीत काडीचा उपयोग झालेला नाही.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठी होत्या. एकदा काढल्या, वर्षभरात पुन्हा झाल्या. दुसऱ्यांदा काढल्यावर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की तिसऱ्यांदा आलात तर माझ्या हातात काही नाही. दिवसाला सहा सहा तास बोलायचं काम सोडा. नाही सोडलं तर दोन वर्षं निभेल, फार तर तीन. त्यानंतर आवाज कायमचा जाईल. हे सगळं बाईंनी मला वहीच्या कागदावर लिहून दाखवलं, कारण तेव्हा त्यांना महिनाभर बोलायची बंदी होती.

कुणी म्हणालं, गळ्यात अडकवायचा माईक घ्या. घेतला. पहिल्याच दिवशी शेजारच्या वर्गातले गणिताचे सर धावत आले, कारण त्यांच्या वर्गातली मुलं अपूर्णांक सोडून नद्या लिहून घेत होती. शिवाय डॉक्टर म्हणाले, प्रश्न मोठ्यानं बोलण्याचा नाही, बोलण्याचाच आहे. घरी तर आणखी मजा. सासूबाई कानानं अधू. "चहा घेता का" एवढं विचारायलाही बाईंना गच्चीवरून हाक मारल्यासारखं ओरडावं लागायचं. मग मुलीनं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: चहा, जेवण, औषध, दार लावा. सासूबाईंना त्याचा राग आला. म्हणाल्या, "सून माझ्याशी अबोला धरून बसली आहे."

नोकरी सोडणं हा विषयच नव्हता. बाईंचे मिस्टर ज्या छापखान्यात कामाला होते तो बंद पडला होता आणि घर बाईंच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. राजीनामा लिहायला दोन ओळी पुरतात, मी असे कितीतरी टाईप केलेत. पण बाईंना तसं सुचवायची माझी हिंमत झाली नाही.

वाट दाखवली ती मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेनं. शाळेचे ग्रंथपाल, ज्यांना सगळी मुलं पुस्तककाका म्हणायची, ते दोन वर्षांनी निवृत्त होणार होते. मोठ्या बाई म्हणाल्या, "ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी करा. पात्रता असली तर ती जागा शाळेतल्याच शिक्षकाला देता येते. काका जातील, तुम्ही बसाल. पगार तोच, बोलणं नाही."

आता चव्वेचाळीसाव्या वर्षी पुन्हा परीक्षा म्हटल्यावर स्टाफरूमला विषयच मिळाला. ड्रिलचे सर म्हणाले, "बाई, तुम्ही लायब्ररीत बसलात की 'शांतता राखा' ही पाटी काढून टाकू, तुम्हालाच दाराशी उभं करू." बाई हसल्या. हसताना त्यांचा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत.

दर रविवारी दोन बस बदलून त्या कॉलेजला जायच्या. वर्गात निम्मी पोरं त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाची, आणि निम्मे त्यांच्यासारखे शिक्षक. एकाची पाठ गेलेली, एकीला खडूच्या धुळीचा दमा, आणि एक गुरुजी होते त्यांना नुसता मुलांचा कंटाळा आला होता. बाई म्हणायच्या, "भाऊसाहेब, आमचा वर्ग म्हणजे मोडक्या मास्तरांचा दवाखाना आहे." घरी पहाटे पाचला एकाच टेबलाच्या एका बाजूला अकरावीतली मुलगी आणि दुसऱ्या बाजूला आई. मुलगीच आईची उजळणी घ्यायची आणि चुकलं की आईच्याच सुरात रागवायची.

आणि काय सांगू, बाईंना ते आवडायला लागलं. आधी नाइलाज म्हणून धरलेली गोष्ट, पण चार महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत चमक दिसायला लागली. मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी यायच्या. हळू आवाजात विचारायच्या, "भाऊसाहेब, भूकंपाचं पुस्तक कुठं ठेवाल?"

"कपाटात."

"अहो, कुठल्या नंबराला?"

मग जगातल्या समस्त ज्ञानाचे दहा भाग कसे करतात, त्यातल्या प्रत्येकाचे पुन्हा दहा, हे मला ऐकावं लागायचं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही त्यांनी असेच नंबर चिकटवले. दोन दिवस सासूबाईंना साखर सापडली नाही. मिस्टरांनी मुकाट्यानं चिठ्ठ्या काढून टाकल्या, तेव्हा कुठं घर चालू झालं.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. आपापल्या शाळेच्या ग्रंथालयातली एक अडचण निवडा, ती सोडवा आणि अहवाल लिहा. आमच्या लायब्ररीत अडचण एकच, पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीसमोर कपाट, कपाटावर गठ्ठे, गठ्ठ्यांवर धूळ. मुलं दारातूनच पुस्तक मागायची आणि काका आत शिरून पाच मिनिटांनी खोकत बाहेर यायचे. बाईंच्या प्राध्यापकांनी सांगितलं, निर्लेखन करा. म्हणजे फाटलेली, कालबाह्य झालेली, वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं नियमानं यादीतून कमी करायची.

बाईंनी ते काम एखाद्या व्रतासारखं केलं. सहामाहीची सगळी सुट्टी त्या लायब्ररीत होत्या. पाच हजार तीनशे चाळीस पुस्तकं एकेक करून हातात घेतली. मागच्या पानावरच्या पट्टीवर शेवटची तारीख कुठली आहे बघायची, पाच वर्षांत पुस्तक बाहेर गेलं नसेल तर बाजूला, वाळवी असेल तर बाजूला, दुसरी चांगली प्रत असेल तर बाजूला. दातांची निगा कशी राखावी या पुस्तिकेच्या सेहेचाळीस प्रती निघाल्या, सगळ्या कोऱ्या. नकाशांची पुस्तकं अशी निघाली की त्यातले काही देशच आता उरले नव्हते. ती बाजूला काढताना भूगोलाच्या बाईंना झालेला आनंद मी डोळ्यांनी पाहिला आहे. शेवटी यादी झाली सातशे बारा पुस्तकांची, चोवीस पानी.

काका मात्र दोन दिवस यादीभोवती घुटमळत होते. म्हणाले, "राहू द्या की हो बाई. ती कुठं खायला मागतात?"

बाईंनी पाठ्यपुस्तकातलं पान उघडून दाखवलं. "काका, नियमच आहे. न वापरलेलं पुस्तक वापरातल्या पुस्तकाची जागा अडवतं."

काकांनी ते पान वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "तुम्ही शिकताय म्हणजे बरोबरच असेल," असं म्हणून त्यांनी सही केली. दुसरी सही मोठ्या बाईंची. तिसरी माझी. मी सही केली तेव्हा माझा डबा उघडा होता आणि मी पहिल्या पानापलीकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर पहिलं पानही बघितलं नाही.

प्रत्येक पुस्तकावर 'रद्द' असा शिक्का पडला. पुस्तकांच्या दाखल रजिस्टरात त्या त्या नंबरावर लाल रेघ मारली गेली. रद्दीवाल्याचा टेम्पो आला तेव्हा काका बाहेर पायरीवर पाठ करून बसले होते. पण दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन मी चाट पडलो. कपाट हललं होतं, खिडकी मोकळी झाली होती, मुलं आत शिरून स्वतःच्या हातानं पुस्तकं काढत होती. महिन्याभरात पुस्तकं नेणाऱ्यांची संख्या दुप्पट झाली. प्राध्यापकांनी बाईंचा अहवाल वर्गात सगळ्यांना वाचून दाखवला. बाईंनी खिडकीपाशी टेबल कुठं ठेवायचं, तेसुद्धा ठरवून टाकलं.

जानेवारीअखेर सगळ्या शाळांना वरच्या कचेरीला माहितीचा तक्ता पाठवावा लागतो. किती मुलं, किती बाकं, किती नळ, किती पुस्तकं. माझ्या तक्त्यात एका अंकाची चूक निघत नाही ही माझी ख्याती, आणि त्याची मला नको तितकी घमेंड. इतर शाळांचे क्लार्क मागच्या वर्षीचेच आकडे पुढं ढकलतात. मी नाही. मी स्वतः रजिस्टर पाहिलं, सातशे बारा वजा केले आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, एकूण पुस्तके चार हजार सहाशे अठ्ठावीस. खाली सही ठोकली आणि लिफाफा पाठवून दिला.

एप्रिलअखेर काका निवृत्त झाले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेला मंजूर झालेल्या पदांचा कागद आला. शिक्षक इतके, शिपाई इतके. ग्रंथपाल, पूर्णवेळ, शून्य. पुढं शेऱ्यात एक ओळ होती: पुस्तकसंख्या पाच हजारांपेक्षा कमी असल्याने निवृत्तीनंतर पद रद्द. मी ती ओळ तीनदा वाचली. चष्मा बदलून वाचली.

कपाटातल्या परिपत्रकांच्या फायली काढल्या. चौथ्या फायलीत तो कागद होता. पाच हजार किंवा त्याहून जास्त पुस्तकं असतील तर पूर्णवेळ ग्रंथपाल, कमी असतील तर एखाद्या शिक्षकाकडे जादा काम. अकरा वर्षांपूर्वीचं परिपत्रक. कोपऱ्यात माझ्याच हातचं 'वाचले' आणि माझी सही. मी कागद घडी करून बॅगेत टाकला आणि कुणाला काही बोललो नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती वाटली, दुसरं काय.

आम्ही तिघं कचेरीत गेलो, मोठ्या बाई, भूगोलाच्या बाई आणि मी. साहेब माणूस वाईट नव्हता. बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. बाईंचा निर्लेखनाचा अहवाल चाळला आणि म्हणाले, "इतकं नेटकं काम मी पहिल्यांदाच बघतोय. सगळ्या शाळांनी असं करायला हवं."

मोठ्या बाई म्हणाल्या, "साहेब, पुढच्या महिन्यात चारशे पुस्तकं आणतो. देणगीदार आहेत. पद तेवढं परत द्या."

"आणा ना, जरूर आणा. पण मोजणीची तारीख जानेवारीची. आणि गेलेलं पद म्हणजे नवीन पद. नवीन पदांवर बंदी आहे. कधी उठेल, मला विचारू नका."

"आम्हाला हा नियम कुणी कळवलाच नव्हता."

"परिपत्रक सगळ्या शाळांना गेलं होतं."

"आमच्याकडे आलं नाही," मोठ्या बाई ठामपणे म्हणाल्या आणि दुजोऱ्यासाठी माझ्याकडे वळल्या. परिपत्रक माझ्या मांडीवरच्या बॅगेत होतं. मी बशीत सांडलेला चहा कपात ओतत बसलो. भूगोलाच्या बाई काहीतरी बोलू बघत होत्या. पंख्याच्या आवाजात त्यांचं बोलणं साहेबांपर्यंत पोचेना. साहेब "काय म्हणालात?" म्हणून दोनदा पुढं झुकले. मग बाईंनी मान हलवून राहू द्या असं सांगितलं.

मी रद्दीवाल्याकडेही जाऊन आलो. तो म्हणाला, ती पुस्तकं त्याच महिन्यात कागदाच्या कारखान्यात गेली, आता त्यांचे पुठ्ठे झाले असतील. तसंही रजिस्टरातल्या लाल रेघा पुसायच्या कशा? मी आयुष्यात रजिस्टरात खाडाखोड केलेली नाही. त्या दिवशी मात्र ब्लेड घेऊन रेघ खरवडून बघितली. कागद फाटला.

मग काकांच्या घरी गेलो. ते मला बघूनच समजले. म्हणाले, "भाऊसाहेब, पाच हजारांचं मला ठाऊक होतं हो. आधीच्या हेडमास्तरांनी मला सांगितलं होतं, आकडा खाली जाऊ देऊ नकोस. म्हणून तर मी दातांची पुस्तकंसुद्धा टाकली नाहीत."

मी जवळजवळ ओरडलोच, "मग बोलला का नाहीत?"

"त्या एवढं मोठं शिकत होत्या. मी आपला सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवाला. मला वाटलं, नियम बदलला असेल आणि त्यांना माहीत असेल. आणि कागद शेवटी तुमच्याकडूनच जाणार होता. तुम्ही बघितलं असेलच, असं वाटलं." काकांनी उठून दार लोटलं आणि तोंड फिरवून बसले.

कॉलेजच्या पुस्तकात पाच हजारांचा नियम नव्हता. कसा असेल? ती पुस्तकं ग्रंथालयाबद्दल असतात, कचेरीबद्दल नाही. दोन वर्षांत बाईंना ज्ञानाचे दहा भाग शिकवले, पुस्तकावर नंबर कसा घालायचा, वाचक कसा ओळखायचा, सगळं शिकवलं. नोकरी कशावर उभी असते ते फक्त माझ्या चौथ्या फायलीत होतं. मला त्या प्राध्यापकांचा राग आला, साहेबांचा आला, काकांचा तर फारच आला. प्रत्येकाचा राग दोन-दोन दिवस करून झाला, आणि मग बॅगेतला कागद उरला.

निकाल लागला. बाई कॉलेजात पहिल्या आल्या. शिपाईमामांनी फळ्यावर रंगीत खडूनं अभिनंदन लिहिलं. ज्यांना जागा गेल्याचं माहीत होतं ते त्या फळ्यासमोरून खाली बघत जायचे. बाईंच्या मुलीनं आईचं प्रमाणपत्र चौकटीत बसवायचा हट्ट धरला. बाईंनी ते कपाटात कपड्यांखाली ठेवलं. लायब्ररीचं जादा काम नियमाप्रमाणे सगळ्यात कमी तास असलेल्या शिक्षकाकडे गेलं, म्हणजे ड्रिलच्या सरांकडे. ते भले गृहस्थ बाईंना म्हणाले, "तुम्ही सांगा, मी तसंच ठेवतो." पण त्यांनाही मैदान सोडून दिवसातून अर्धाच तास मिळायचा. बाकी वेळ लायब्ररीला कुलूप.

बाईंना तासिका पूर्वीइतक्याच मिळाल्या. मोठ्या बाईंनी वेळापत्रक तीन वेळा खोडून लिहिलं, पण भूगोल शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं. ऑगस्टपर्यंत बाईंचा आवाज दुपारी तीनऐवजी बारालाच बसायला लागला. माझ्या भिंतीतून आता भूगोल ऐकू येत नाही. खडूचा आवाज येतो, आणि मधूनमधून मुलांचा, "बाई, परत सांगा ना." डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीतली दोन वर्षं केव्हाच संपली होती.

एका सकाळी शाळा भरायच्या आधी त्या माझ्या टेबलाशी आल्या. हातात गुंडाळलेला नकाशा होता. समोरच्या खुर्चीवर बसल्या नाहीत. अगदी हळू, जवळजवळ नुसत्या श्वासानं म्हणाल्या, "भाऊसाहेब, एक विचारते. तो नियम खरंच आपल्याकडे आला नव्हता?"

मी नाही म्हणू शकलो असतो. मोठ्या बाईंनी तसंच सांगितलं होतं आणि आता कुणी तपासायला येणार नव्हतं. पण त्या माझ्यासमोर अशा उभ्या होत्या, की मी बॅगेची चेन उघडली आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी नियम वाचला. तारीख वाचली. कोपऱ्यातलं 'वाचले' वाचलं, त्याखालची सही वाचली.

"बाई, ही माझी सही आहे," मी म्हणालो. "यादीवरही आहे. तक्त्यावरही आहे. तिन्ही ठिकाणी मीच आहे. मला काय हवं ते बोला."

त्यांचा चेहरा लाल झाला. ओठ उघडले. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि मी मान खाली घालून वाट बघायला लागलो. खरं सांगतो, मला ते हवं होतं. पंधरा वर्षं भिंतीतून ऐकलेला तो आवाज एकदा माझ्यावर सुटायला हवा होता.

घंटा झाली. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, ओठ मिटले आणि गळ्याला हात लावला. टेबलावरची माझी पेन्सिल घेऊन त्यांनी त्या परिपत्रकाच्याच मागे लिहिलं, "आज सहा तास आहेत." कागद माझ्याकडे सरकवला, नकाशा काखेत मारला आणि वर्गावर गेल्या.